विश्वाचे वय कोणाच्या घड्याळाने?

(डोंबिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्षप्रतिपदेच्या सकाळी फडके रस्त्यावर जो जनसागर लोटतो, त्याचे वर्णन डोंबिवलीकरांपुढे करण्याची आवश्यकता नाही. श्रीगणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रेचा प्रारंभ केला आणि पाहता पाहता ती प्रथा गावोगावी रुजली. त्याच सकाळी घराघरांत गुढीपूजन होते आणि गुरुजी संकल्प सांगतात. यजमानांचे चित्त त्या वेळी बहुधा स्वयंपाकघरातून येणाऱ्या पुरणाच्या वासाकडे असते. परंतु संकल्पातील क्रम लक्ष देऊन ऐकण्याजोगा आहे. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे दुसरे परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग, त्याचा प्रथम चरण, मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार. एवढे सांगूनही तो थांबत नाही. जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचा दक्षिण तीर असे स्थळही त्यात सांगितले जाते. काळ सांगायचा तर तो कोठून सांगतो आहोत हेही सांगायचे, अशी ही शिस्त आहे. आपल्या भाषेत ‘देशकाल’ हा शब्द जोडूनच येतो.

आता त्याच घरातील नववीत शिकणारी कन्या वडिलांना विचारते, ‘पुस्तकात लिहिले आहे की विश्व १३८० कोटी वर्षांचे आहे. वर्ष म्हणजे पृथ्वीची सूर्याभोवती एक प्रदक्षिणा. पृथ्वीच जर ४५४ कोटी वर्षांपूर्वी झाली, तर त्याआधीची वर्षे मोजली कोणी? आणि आइनस्टाइन म्हणतात की प्रत्येकाचा काळ वेगळा. मग हे १३८० कोटी कोणाच्या घड्याळाने?’ प्रश्न दोन्ही रास्त आहेत. घरोघरी त्यांना दोन ठरावीक उत्तरे मिळतात. ‘ते शास्त्रज्ञांनाच ठाऊक’ हे पहिले, आणि ‘हे सारे आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होते’ हे दुसरे. दोन्ही उत्तरांनी मुलगी गप्प बसते, पण तिला उत्तर मिळत नाही. आजचा विषय त्या उत्तराचा आहे.

उत्तराचा आरंभ घराजवळूनच करता येईल. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली आणि ५७ मिनिटांत ठाण्याला पोहोचली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. गाडी सुटण्याची ती वेळ मुंबईची स्थानिक होती. ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. त्या काळी प्रत्येक गावाची दुपार त्या गावाच्या सूर्याने ठरत असे. कल्याण ठाण्याच्या किंचित पूर्वेला आहे, म्हणून सूर्य कल्याणच्या मध्यान्ही ठाण्याच्या सुमारे ३८ सेकंद आधी येतो. बैलगाडीच्या प्रवासात या ३८ सेकंदांना काही किंमत नव्हती. रेल्वे शेकडो कोस पसरली तेव्हा मात्र प्रत्येक स्थानकाची वेगळी वेळ ठेवणे अशक्य झाले आणि रेल्वेने मद्रासची वेळ धरली. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच वेळ मुंबई शहरावर लादण्याचा प्रयत्न केला. लोकांचा विरोध एवढा झाला की दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही. घरातील वडीलधारी मंडळी पूर्वी ‘स्टँडर्ड की बॉम्बे?’ असे विचारीत, ते यामुळेच. वेळ हा निसर्गाचा विषय आहे तितकाच तो कराराचाही विषय आहे, आणि करार कोणी कोणावर लादायचा यावरून भांडणे होऊ शकतात, हे मुंबईकर तेव्हाच शिकले.

ही स्थानिक वेळेची अडचण आपल्या सिद्धांतकारांना नवी नव्हती. त्यांनी उज्जयिनीची रेषा शून्य मानली आणि प्रत्येक गावासाठी ‘देशांतर’ संस्कार सांगितला. उज्जयिनीच्या मानाने ठाण्याचे देशांतर सुमारे २८ पळे, कल्याणचे सुमारे २६ पळे. एक पळ म्हणजे २४ सेकंद, साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांचे अहोरात्र. पळाच्याही खाली ‘प्राण’ आहे. सहा प्राणांचे एक पळ, म्हणजे प्राण सुमारे चार सेकंदांचा, एका शांत श्वासाएवढा. येथे एक बारकावा आहे आणि तो बहुधा सांगितला जात नाही. सूर्यसिद्धांताने या घटिका सूर्याच्या दिवसाला जोडलेल्या नाहीत, त्या नक्षत्रांच्या दिवसाला जोडल्या आहेत. अहोरात्रात २१,६०० प्राण, आणि आकाशाच्या पूर्ण वर्तुळात कलाही २१,६००. म्हणजे एका प्राणात आकाश बरोबर एक कला फिरते. कालाचे एकक आणि कोनाचे एकक एकमेकांत बसविलेले आहे. श्वास हे केवळ समजावून देण्यापुरते उदाहरण. खरे घड्याळ म्हणजे फिरणारे आकाश, किंवा आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये म्हटल्याप्रमाणे, फिरणारी पृथ्वी.

आर्यभटाचे आकडे तपासून पाहण्यासारखे आहेत. ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात पृथ्वीची १,५८,२२,३७,५०० आवर्तने होतात, असे त्याचे मान आहे. त्यावरून नाक्षत्र दिवस काढला तर २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद येतो. आजचे मानही तेवढेच आहे. त्याचे वर्ष मात्र आजच्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे ३ मिनिटे २० सेकंदांनी मोठे आहे. हे दोन्ही एकाच दमात सांगितले पाहिजे. पहिला आकडा व्यासपीठावरून सांगायचा आणि दुसरा गाळायचा, असे पुष्कळदा होते. त्यात आर्यभटाचा सन्मान नाही, कारण तो स्वतः वेधाने ताडून पाहणारा गणिती होता.

तीन मिनिटांनी काय बिघडते? बाराशे-पंधराशे वर्षांत पुष्कळ बिघडते. त्यात अयनचलनाची भर पडते, कारण ऋतूंचे वर्ष नाक्षत्र वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी लहान आहे. सूर्यसिद्धांताच्या मानाने चालणारी मकरसंक्रांत इंग्रजी तारखेच्या हिशेबात साधारण साठ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. उत्तरायण खरोखर सुरू होते ते २१-२२ डिसेंबरला, आणि तिळगूळ वाटला जातो १४-१५ जानेवारीला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला तो याच कारणासाठी. धर्मकृत्ये ऋतूंना बांधलेली आहेत, तर वर्षही ऋतूंचेच धरावे, हे त्यांचे म्हणणे. १८९६ साली दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वसूरींविषयीची भक्ती आणि त्यांच्या चुका मोजण्याची निष्ठुरता शेजारी शेजारी नांदते. पुढे स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या समितीने सायन मानाचे सौर वर्ष सुचविले आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, ते राष्ट्रीय दिनदर्शिका म्हणून अमलात आले. गणितासाठी समितीने जो मध्यबिंदू घेतला त्याचा रेखांश प्रमाणवेळेचा आणि अक्षांश उज्जयिनीचा आहे. ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांच्यासारखे अभ्यासक या राष्ट्रीय कालगणनेविषयी आणि पंचांगातील खगोलशास्त्राविषयी वर्षानुवर्षे व्याख्याने देत, लिहीत आले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर ही तारीख नसते आणि लग्नपत्रिकेवरही क्वचितच असते, ही गोष्ट वेगळी.

मूळ मुद्दा असा की एकक ठरवायचे तर एखादी आवर्ती घटना हवी, आणि ती समान गतीने चालते याची खात्री हवी. घटिकापात्र चोवीस मिनिटांत बुडते खरे, पण पाणी थंड असेल, छिद्रात गाळ असेल, तर लग्नाची घटिका लांबते. घटिकापात्राहून पृथ्वी बरी. परंतु विसाव्या शतकात असे आढळले की पृथ्वीही बेभरवशाची आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस दर शतकाला सेकंदाच्या हजारांशाच्या एक-दोन भागांनी लांबतो, आणि मधूनच लहरीपणाने कमी-अधिक होतो. म्हणून १९६० साली सेकंदाची व्याख्या वर्षावरून करण्यात आली. १९०० सालच्या सायन वर्षाचा ३,१५,५६,९२५.९७४७ वा भाग. लेले-मोडक-दीक्षितांना हे पाहून समाधान वाटले असते. पण ही व्याख्याही सात वर्षेच टिकली. १९६७ साली सिझियम-१३३ या अणूकडे आधार गेला. त्याच्या दोन विशिष्ट ऊर्जास्तरांमधील संक्रमणाने जे प्रारण निघते त्याची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. पृथ्वी मागे पडते म्हणून १९७२ पासून २७ वेळा एकेक सेकंद घालावा लागला. शेवटचा घातला तो १ जानेवारी २०१७ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेपाचच्या ठोक्याआधी. २०३५ सालापर्यंत ही प्रथा थांबविण्याचे जागतिक मापन परिषदेने २०२२ मध्ये ठरविले आहे.

येथवरची गोष्ट सोपी आहे. अधिकाधिक इमानी घड्याळाचा शोध, एवढीच. अडचण १९०५ आणि १९१५ या दोन वर्षांनी केली. आइनस्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताने दाखविले की घड्याळ कितीही निर्दोष असो, वेगाने जाणारे घड्याळ स्थिर घड्याळाच्या तुलनेत मागे पडते, आणि उंचावरचे घड्याळ खालच्याच्या तुलनेत पुढे जाते. यंत्रात दोष नसतो. त्या त्या वाटेने गेलेला काळच तेवढा असतो. याचा फार सुंदर पुरावा १९३८ साली होमी भाभा यांनी सुचविला. वैश्विक किरणांतून वातावरणात निर्माण होणारे अल्पायुषी कण वेगामुळे अधिक काळ टिकताना दिसले पाहिजेत, म्हणजे ते कण स्वतःच घड्याळाचे काम करतील, असे त्यांनी म्हटले. त्यांपैकी म्यूऑन कणाचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांशाच्या २.२ पट. एवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम ६६० मीटर अंतर कापता येईल. तरीही दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन जमिनीवर येऊन पोहोचतात. या क्षणीही ते या सभागृहाच्या छपरातून आत येत आहेत.

हा परिणाम आपल्या नित्याच्या जीवनात किती? डोंबिवलीचा चाकरमानी पस्तीस वर्षे, वर्षाचे तीनशे दिवस, रोज दोन तास ताशी पन्नास किलोमीटरच्या सरासरीने लोकलने गेला, असे धरू. निवृत्तीच्या दिवशी घरी थांबलेल्या पत्नीच्या मानाने तो सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी तरुण असेल. लोकलच्या गर्दीने त्याचे जे वय वाढले ते या हिशेबात धरलेले नाही! घोडबंदर रस्त्यावरील मनोऱ्यात शंभर मीटर उंचीवर राहणाऱ्यांचा परिणाम उलटा आणि मोठा आहे. तळमजल्याच्या तुलनेत त्यांचे घड्याळ वर्षाला सेकंदाच्या दशलक्षांशाच्या एक तृतीयांशाने पुढे जाते. हसण्यावारी नेण्याजोगे हे आकडे उपग्रहात गेले की गंभीर होतात. आपल्या ‘नाविक’ प्रणालीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत. तेथील घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाच्या पुढे दिवसाला सेकंदाच्या दशलक्षांशाचे ४६-४७ भाग जाते. तेवढ्या वेळात प्रकाश जवळजवळ १४ किलोमीटर जातो. हा संस्कार न करता मासेमारी नौकेला किंवा सैन्याच्या तुकडीला स्थान सांगणे अशक्य. पहिल्या उपग्रहावरची आयात केलेली अणुघड्याळे बंद पडल्याचा कटू अनुभव देशाने घेतला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसविले गेले. सिद्धांतकारांचा देशांतर संस्कार आणि हा संस्कार यांची जात वेगळी आहे हे मात्र विसरू नये. देशांतरात काळ एकच असतो, फक्त सूर्य कोठे आहे ते बदलते. येथे काळच भिन्न मापाने सरतो.

मग सेकंदाच्या व्याख्येचे काय झाले? व्याख्या अबाधित राहिली, फक्त तिचा अर्थ काटेकोर झाला. सिझियमचा सेकंद हा नेहमी स्थानिक असतो. मनोऱ्यात मोजा, उपग्रहात मोजा, अणूच्या शेजारी बसून मोजणाऱ्याला आवर्तने तेवढीच मिळतील. दोन ठिकाणच्या घड्याळांची तुलना केली की फरक दिसतो. म्हणून जगाची सामाईक वेळ ठरविताना आणखी एक करार करावा लागला. तो असा, की प्रत्येक अणुघड्याळाचे मान समुद्रसपाटीला आणून मग सरासरी काढायची. काळ सांगताना स्थळ सांगावे लागते, ते असे पुन्हा आले.

आता कन्येचा प्रश्न. खगोलशास्त्रज्ञ जेव्हा १३८० कोटी वर्षे म्हणतात तेव्हा त्यांचे वर्ष म्हणजे ८६,४०० सेकंदांचे ३६५.२५ दिवस, म्हणजे ३,१५,५७,६०० सेकंद, एवढाच अर्थ असतो. त्यासाठी पृथ्वी फिरत असण्याची गरज नाही. मीटर हा शब्द मीटरपट्टी बनण्यापूर्वीच्या डोंगरालाही लागू पडतो, तसे हे आहे. आणि घड्याळ कोणाचे? विश्व सर्वत्र प्रसरण पावत आहे. या प्रसरणाबरोबर वाहत जाणारा, स्वतःची निराळी गती नसलेला आणि कोणत्याही प्रचंड वस्तुमानाच्या जवळ नसलेला एक निरीक्षक कल्पावा. त्याच्या घड्याळाने मोजलेले हे वय आहे. असे निरीक्षक विश्वात कोठेही असोत, त्यांचे एकमत व्हावे अशी सोयही निसर्गाने ठेवली आहे. सारे अवकाश एका मंद प्रारणाने भरलेले आहे. त्याचे तापमान आज निरपेक्ष शून्याच्या २.७ अंश वर आहे आणि विश्व पसरते तसे ते उतरते. ज्याला ते सर्व दिशांनी सारखे दिसते तो प्रवाहाबरोबर आहे, आणि त्याने वाचलेले तापमान हीच त्याची वैश्विक तिथी.

आपण त्या निरीक्षकाच्या जागी नाही. सूर्यमाला या प्रारणाच्या सापेक्ष सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने चालली आहे. हा वेग आरंभापासून असाच होता असे क्षणभर धरले, तर १३८० कोटी वर्षांत आपले घड्याळ सुमारे दहा हजार वर्षे मागे पडले असते. वयाच्या मापनातील अनिश्चितताच दोन कोटी वर्षांच्या आसपास आहे. त्यापुढे दहा हजारांची बात काय! म्हणूनच पाठ्यपुस्तकातील एका आकड्याने भागते. आरंभीच्या क्षणांबद्दलची शंका मात्र अधिक खोल आहे. पहिली सुमारे ३,८०,००० वर्षे अणूच टिकू शकत नव्हते, मग सिझियम कोठला? त्या काळातील ‘पहिली तीन मिनिटे’ हे समीकरणातून काढलेले मान आहे. ते पारखायचे तर त्या वेळी घडलेल्या क्रियांवरून. न्यूट्रॉन किती वेगाने क्षय पावतात हे प्रयोगशाळेत मोजले आहे. त्यावरून हायड्रोजन आणि हेलियमचे जे प्रमाण निघते तेच आज आकाशात आढळते. घड्याळ नव्हते, पण घड्याळासारख्या क्रिया होत्या.

आता तो दुसरा मोह. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी. आकडे जवळ दिसतात. पण संकल्पाच्याच हिशेबाने चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे सरली आहेत. पृथ्वीचे वय त्याच्या दुप्पटीहून अधिक आहे. १९५६ साली उल्कांमधील शिशाच्या समस्थानिकांवरून ते निश्चित झाले. तेव्हा ‘आधीच ठाऊक होते’ हे विधान टिकत नाही. त्यापेक्षा खरी गोष्ट अधिक मोलाची आहे. ज्योतिषसिद्धांतांत महायुग आणि कल्प ही गणिताची साधने होती. चंद्राच्या ५,७७,५३,३३६ प्रदक्षिणा, गुरूच्या ३,६४,२२४, सूर्याच्या ४३,२०,०००. सारे ग्रह ज्या काळात पूर्णांकी आवर्तने पुरी करतील असा एक अवाढव्य कालखंड घेतला की अपूर्णांकांचा जाच संपतो आणि कोणत्याही दिवसाचा अहर्गण काढून ग्रहस्थिती त्रैराशिकाने सांगता येते. एवढ्या मोठ्या संख्या सहजतेने हाताळणारी दशमान पद्धती त्या गणकांच्या हाती होती. त्यांनी विश्वाचे वय मोजले नाही. काळ मोजण्याची पद्धती मात्र त्यांनी घडविली, आणि तिच्यात दुरुस्तीला जागा ठेवली. त्या दुरुस्तीला त्यांनी ‘बीजसंस्कार’ असे नावही दिले.

विश्वाला आरंभच नाही असे मानणारा एक मोठा वैज्ञानिक कोल्हापुरात जन्मला होता. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९९३ साली फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह अर्ध-स्थिर-स्थिती विश्वाचे प्रतिमान मांडले. त्यात १३८० कोटी वर्षांना आरंभबिंदू म्हणून स्थान नाही. अनादी विश्वाची कल्पना आपल्याकडे किती प्रिय आहे हे त्यांना ठाऊक होते, पण त्या प्रियतेला त्यांनी कधी पुरावा म्हणून पुढे केले नाही. वाद निरीक्षणांवरच ठेवला. बहुसंख्य वैज्ञानिकांनी ते प्रतिमान स्वीकारले नाही, आणि २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत हा मतभेद कायम होता.

सेकंदाची व्याख्या पुन्हा बदलण्याच्या मार्गावर आहे. सिझियमऐवजी प्रकाशलहरींच्या कंपनांवर चालणारी घड्याळे प्रयोगशाळांतून सिद्ध झाली असून २०३० च्या सुमारास नवी व्याख्या स्वीकारण्याची तयारी चालू आहे. यांची सूक्ष्मता अशी की अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने २०२२ मध्ये केवळ एक मिलिमीटर उंचीच्या अंतराने काळाच्या गतीत पडणारा फरक मोजला. अशा घड्याळांची तुलना करायची तर ती समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहेत, हे सेंटिमीटरपर्यंत ठाऊक असावे लागेल. आणि कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको, की समुद्र एका जागी कधीच उभा राहत नाही.